विखुरलेला वनमुक्काम, धनगरांचा वाडा आणि वनहक्क : एक विवेचन

प्रस्तावना :
पक्का निवारा, नळाचे पाणी, शौचालय वा वीज नसलेल्या जागी, नेमून दिलेल्या तळाबाहेर केलेल्या तात्पुरत्या वास्तव्यास विखुरलेला वनमुक्काम म्हणता येईल. अमेरिकेतील राष्ट्रीय वनांत हा पर्यटनाचा मान्य प्रकार आहे. महाराष्ट्रात मात्र तो उपजीविकेचा भाग म्हणून पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. बीड जिल्ह्यातील कडा-आष्टी परिसर हा पर्जन्यछायेतील, माळरानांचा व मेंढपाळीचा प्रदेश आहे. येथील धनगरांच्या वाड्याच्या संदर्भात या मुक्कामाचे स्वरूप व त्याची कायदेशीर बाजू स्पष्ट करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

मुक्कामाची तत्त्वे :
सोयी नसणे म्हणजे नियम नसणे नव्हे. अमेरिकेतील अनेक राष्ट्रीय वनांत एका जागी सामान्यतः १४ दिवसांपेक्षा अधिक राहता येत नाही. पाणवठ्यापासून सुमारे ६० मीटर दूर राहणे, मानवी मलासाठी १५ ते २० सें.मी. खोल खड्डा घेणे, विस्तव पूर्ण विझविणे व कचरा परत नेणे हे तेथील संकेत आहेत. या सर्वांमागील सूत्र एकच आहे : भार एका जागी साचू न देणे आणि मागे खूण न ठेवणे.

वाड्याची व्यवस्था :
हेच सूत्र वाड्यात निराळ्या रूपाने आढळते. काही कुटुंबांची बिऱ्हाडे व मेंढरे मिळून वाडा होतो. पुरुष मेंढरे चारीत पुढे जातात; स्त्रिया घोड्यांवर बिऱ्हाड लादून नवा तळ गाठतात. तीन दगडांची चूल, घोंगडी, रात्री मेंढरांभोवती दोऱ्यांच्या जाळीची वाघर व राखणीला कुत्री एवढाच संसार. काही दिवसांत तळ हलतो. त्यामुळे गवताला पुन्हा फुटण्यास अवसर मिळतो. शेतात मेंढरे बसविल्यास जमिनीस खत मिळते व शेतकरी त्याबद्दल धान्य किंवा पैसे देतो. जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर (१९३४–१९९२) यांनी धनगरांच्या दैवतांचा व लोकजीवनाचा सखोल अभ्यास केला. त्यातून या भटकंतीचे सांस्कृतिक महत्त्वही लक्षात येते. मात्र उघड्यावरील या मुक्कामात धोकाही आहे. २०२० च्या अखेरीस आष्टी तालुक्यात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे दगावली, ही घटना या दृष्टीने बोलकी आहे.

कायदेशीर बाजू :
भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ नुसार राखीव वनात विनापरवाना प्रवेश, चराई व आग पेटविणे हे गुन्हे ठरतात. पाटोदा तालुक्यातील नायगाव मयूर अभयारण्यासारख्या क्षेत्रास वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू होतो. तेथे प्रवेशावर निर्बंध असून आग लावण्यास मनाई आहे. सहलीसाठी विद्यार्थ्यांना नेणाऱ्या महाविद्यालयांनीही हे ध्यानी घेणे आवश्यक आहे.

याउलट वनहक्क अधिनियम, २००६ च्या कलम ३(१)(घ) मध्ये भटक्या पशुपालकांची चराई व वनसंपत्तीचा हंगामी वापर हा सामूहिक हक्क म्हणून मान्य झाला आहे. तथापि, महाराष्ट्रातील धनगर समाज अनुसूचित जमातींत नसल्याने त्यास 'इतर पारंपरिक वननिवासी' ही अट पूर्ण करावी लागते. त्यासाठी १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे, वनातील वास्तव्य व वनावरील अवलंबन दाखवावे लागते.

येथेच मूळ विसंगती आहे. पर्यटकाने खूण न ठेवणे हा सद्गुण मानला जातो. पशुपालकाने खूण ठेवली नाही, तर तोच त्याच्या हक्काच्या पुराव्याचा अभाव ठरतो. ज्यांचा तळ दर काही दिवसांनी हलतो, त्यांच्याजवळ घरपट्टीची पावती कोठून असणार ?

निष्कर्ष :
या अडचणीतून मार्ग २००८ च्या वनहक्क नियमांतच सापडतो. नियम १३ नुसार दावेदारांव्यतिरिक्त अन्य वयोवृद्धांचे लेखी निवेदन, तसेच पारंपरिक चराईची स्थळे पुरावा म्हणून ग्राह्य धरता येतात. नियम १२ नुसार भटक्या पशुपालकांच्या दाव्यांची पडताळणी ते किंवा त्यांचे प्रतिनिधी उपस्थित असताना करावयाची आहे. त्यामुळे वाड्यांचे मार्ग, तळ व पाणवठे यांची वृद्धांच्या साक्षीसह नोंद झाल्यास ती ग्रामसभेपुढे उपयोगी पडू शकेल. भूगोल, समाजशास्त्र व मराठी या विभागांनी क्षेत्रकार्यातून असे नकाशे व नोंदी तयार करणे शक्य आहे. जाणकार वृद्धांची पिढी झपाट्याने कमी होत असल्याने हे काम लांबणीवर टाकणे परवडणारे नाही.