धनुष्य उचलायचं नाही

खेळाच्या आत : भाग 9

वीसेक वर्षांपूर्वी चिकोडी-निपाणीकडच्या नेट कॅफेत किंवा कॉम्प्युटर क्लासच्या मागच्या रांगेत ज्यांनी 'जीटीए: सॅन अँड्रियास' खेळला, त्यांना 'हेसोयाम' अजून पाठ असेल. खेळ चालू असताना कीबोर्डवर त्याची इंग्रजी सात अक्षरं दाबली की तब्येत ठणठणीत, अंगात चिलखत आणि खिशात अडीच लाख डॉलर. वहीच्या शेवटच्या पानावर असे दहा-बारा कोड उतरवलेले असायचे. रणगाडा मागवायचा एक, पोलिसांचा ससेमिरा चुकवायचा एक. तासावर पैसे मोजणाऱ्या, त्यात लाइट कधी जाईल याचा भरवसा नसलेल्या पोरांचं यात काही चुकत नव्हतं. हा खेळ 2004 चा, संगणकावर आला 2005 मध्ये. तो नुसता गाड्या पळवण्याचा खेळ नव्हता. नायक सीजे व्यायामशाळेत गेला की त्याचे दंड भरायचे, सायकल मारली की सायकलवरचा हात बसायचा, उपाशी ठेवला की तो वाळायचा. हे सगळं सावकाश कमवायचं असतं. इथे तास संपत आलेला असायचा.

कोड टाकल्यावर पुढे जे व्हायचं ते मात्र बघण्यासारखं होतं. रणगाड्याने शहर पंधरा मिनिटं तुडवून झालं की कंटाळा यायचा. मग खुर्चीमागे उभा असलेला कुणीतरी नियम काढायचा: कोड नाही, बंदूक नाही, पोलिसांचे सहाही तारे अंगावर घ्यायचे आणि सायकलवरून माउंट चिलियड चढायचा. लगेच सगळे पुन्हा पडद्याला नाक लावून. खेळ तोच, नायक तोच, सवलत काढून घेतल्याबरोबर जीव आला. असा नियम कर म्हणून या पोरांना कुणी शिकवलं नव्हतं. आजचा भाग त्याच खटाटोपावर आहे: खेळाचा तोल बनवणाऱ्याने किती सांभाळायचा आणि खेळणाऱ्याने किती.

तोल म्हणजे खेळ सोपा किंवा अवघड असणं नव्हे. खेळाडूपुढे तलवार, जादू, चोरपावलं, गोड बोलणं असे चार मार्ग ठेवले असतील, तर चारही कधी ना कधी निवडावेसे वाटले पाहिजेत. एकच मार्ग सगळीकडे चालत असेल तर बाकीचे तीन शोभेचे. सरळ वाटेच्या खेळात हे त्यातल्या त्यात सोपं जातं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' (2020) घ्या. त्यात आधी त्रिशूळ मिळतो, धनुष्य नंतर. कुठल्या दारात पोचताना राजीच्या हातात काय असेल हे बनवणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं, त्यामुळे त्या दारामागचा राक्षस त्याला मापून बेतता येतो. मुक्त जगाच्या रोल-प्लेइंग खेळात ही सोय नाही. खेळाडू पहिल्या तासाला तुमच्या जगाच्या शेवटच्या टोकाला उगवेल, किंवा पन्नास तास नुसती जडीबुटी गोळा करत बसेल. दोघांसाठी एकच गुहा, आणि गुहेत एकच राक्षस.

यावर एक उपाय म्हणजे भूगोलच पहारेकरी करायचा. 'फॉलआउट: न्यू वेगस' (2010) मध्ये गुडस्प्रिंग्स गावातून वेगस शहर उत्तरेला दिसतं, पण सरळ उत्तरेला निघालात की कॅझाडोर नावाच्या विषारी राक्षसी गांधीलमाशा आणि त्याहून भयंकर डेथक्लॉ गाठतात. मुख्य कथा म्हणून दक्षिणेकडून मोठा वळसा घालून नेते. तरी उत्तरेची वाट बंद केलेली नाही. लपतछपत, नशिबावर हवाला ठेवून ती पार करणारे आहेत, आणि त्यांना त्याचं कोण कौतुक. मला हा उपाय सर्वांत प्रामाणिक वाटतो. जग तुमच्यासाठी बदलत नाही, तुम्हीच आपली कुवत ओळखून पाऊल टाकायचं.

दुसरा उपाय 2006 च्या 'द एल्डर स्क्रोल्स 4: ऑब्लिव्हियन'ने हट्टाने केला आणि तो अजून चघळला जातो. तुमची लेव्हल वाढली की जगाचीही वाढते. आपल्याकडच्या जत्रेतल्या शर्यती ज्यांनी पाहिल्यात त्यांना यातली गंमत चटकन कळेल. दुधाच्या दातांचा बैल आदत गटात पळतो, दोन दात आले की दुसा गटात. गट लावला की मग कुणाचं पाऊल चांगलं ते दिसतं. ऑब्लिव्हियनमध्ये तुमच्या बैलाला दोन दात आले की त्याच रात्री मैदानातल्या सगळ्या बैलांना दोन-दोन दात येतात. सुरुवातीला कातडं पांघरून फिरणारे वाटमारे पुढे हिरव्या काचेच्या महागड्या चिलखतात दिसू लागतात. वाटेत आडवा आलेला लुटारू शंभर मोहरा मागतो, आणि त्याच्या अंगावरचं चिलखत हजारोंचं. ते विकलं असतं तर त्याला या धंद्यात पडावंच लागलं नसतं.

यात आणखी एक खोच होती. पात्र बनवताना सात मुख्य कौशल्यं निवडायची, त्यांत मिळून दहा वाढी झाल्या की पुढची लेव्हल. आता मुख्य कौशल्यांत तुम्ही घासाघीस, गोड बोलणं आणि उड्या मारणं घेतलं असेल, तर बाजारात भाव पाडून आणि गच्चीवरून उड्या मारूनच लेव्हल चढते. तलवारीचा हात आहे तिथेच राहतो आणि बाहेरचे राक्षस मात्र चढलेल्या लेव्हलचे. हुशार खेळाडूंनी यावर तोड काढली. लेव्हल चढायला पात्राला झोपावं लागतं, तर मग झोपायचंच नाही! आणखी काहींनी वापरायची नसलेलीच कौशल्यं मुद्दाम मुख्य म्हणून निवडली. इथे खेळाडूने स्वतःवर बंधन घातलं ते हौसेने नव्हे, बनवणाऱ्याने मोडून ठेवलेला तोल सावरायला. 2025 मध्ये आलेल्या याच खेळाच्या नव्या आवृत्तीत ही गणितं सैल केली आहेत. आता प्रत्येक लेव्हलला 12 गुण मिळतात आणि ते आपल्या मर्जीने वाटता येतात.

पुढचा 'स्कायरिम' 11 नोव्हेंबर 2011 ला आला. यात तोल बिघडतो तो उलट्या बाजूने. कुठलंही पात्र घेऊन बसा, भला मोठा परशू फिरवणारा ऑर्क किंवा लांब झग्यातला जादूगार, वीसेक तासांनी तो अंधारात वाकून धनुष्य ताणताना दिसतो. जगभरच्या खेळाडूंत यावर विनोद आहेत, पण त्यामागचं गणित साधं आहे. लपून सोडलेल्या बाणाचा घाव दुप्पट, एक कौशल्य घेतलं की तिप्पट, आणि समोरचा तुमच्यापर्यंत पोचायच्या आत निम्मे मेलेले. बाण चुकला तरी पहारेकरी थोडी शोधाशोध करून 'वाराच असेल' अशा समजुतीने परत जागेवर जातो, शेजारी मित्राचं प्रेत पडलेलं असलं तरी. धोका नाही, खर्च नाही, वाट बघायची तेवढी तयारी हवी. असा पर्याय समोर असताना परशू घेऊन धावत सुटणं म्हणजे मुद्दाम मार खाणं.

त्याहून मोठं भगदाड कारागिरीत आहे. रसायन, मंत्र आणि लोहारकाम ही तीन कौशल्यं एकमेकांना उचलून धरतात. रसायनाने मंत्र वाढवणारं पेय करा, ते पिऊन रसायन वाढवणारी अंगठी मंतरा, ती घालून आणखी तेज पेय करा, शेवटी लोहारकाम वाढवून तलवार घडवा. तिच्यापुढे ड्रॅगनही टिकत नाही. चिलखताचं संरक्षण 80 टक्क्यांवर थांबवलेलं आहे, पण तलवारीच्या घावाला तशी मर्यादा नाही. हे भगदाड बुजवायला खेळात कठीणपणाची पट्टी आहे. सर्वांत वरचा 'लेजेंडरी' टप्पा 2013 च्या सुधारणेत आला. त्यावर तुमचा घाव पावपट होतो आणि शत्रूचा तिप्पट. पण त्याने शत्रू हुशार होत नाही, फक्त जास्त वेळ मार खातो. उलट अशा आकड्यांत टिकायचं म्हटलं की खेळाडू हमखास त्याच चोरट्या धनुष्याकडे आणि त्याच भट्टीकडे वळतो. ज्या रोगावर औषध, तोच रोग वाढतो.

'सिव्हिलायझेशन 4'चा प्रमुख रचनाकार सोरेन जॉन्सनने या स्वभावावर बोट ठेवलं आहे: संधी दिली तर खेळाडू सगळं काटेकोर बसवता बसवता खेळातली मजाच काढून टाकतो. आळस हे त्याचं कारण नाही. समोर जे ठेवलंय त्यातलं सर्वांत चांगलं उचलणं हेच तर खेळाने त्याला शिकवलेलं असतं. म्हणून 'धनुष्य वापरायचं नाही' हा नियम त्याला बाहेरून आणावा लागतो. बर्नार्ड सूट्स या तत्त्वज्ञाने 1978 च्या 'द ग्रासहॉपर' या पुस्तकात खेळाची जी व्याख्या केली ती इथे कामाला येते. गोल्फचा चेंडू भोकात टाकायचा एवढाच हेतू असता तर हातात घेऊन चालत जाऊन टाकता आला असता. लांब काठीने मारत न्यायचा हा आडमार्ग आपण आपणहून पत्करतो, आणि पत्करला म्हणूनच तो खेळ होतो. तेव्हा स्वतःवर नियम घालणारा खेळाडू खेळाशी वाकडं वागत नाही, बनवणाऱ्याचं अर्धं राहिलेलं काम पुढे नेतो.

पण सगळेच नियम सारखे नसतात, आणि इथे माझं मत थोडं कडक आहे. 'पोकेमॉन'मधला नझलॉक बघा. 2010 मध्ये एका चित्रकथेतून तो पसरला. मुख्य नियम दोनच: प्रत्येक प्रदेशात भेटलेला पहिलाच प्राणी पकडायचा, आणि लढाईत कोसळलेला प्राणी मेला असं धरून सोडून द्यायचा. एवढ्याने लहान मुलांच्या खेळात खरी धास्ती येते. एरवी ज्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नसतं तो फडतूस प्राणी संघाचा आधार होऊन बसतो. नियम कमी करतो ती सवलत, वाढवतो ते निर्णय. 'एल्डन रिंग' (2022) मध्ये लेव्हल 1 च्या 'रेच' या पात्राने अख्खा खेळ संपवणारे आहेत. तिथे निर्णय फार वाढत नाहीत, हाताची सफाई कसाला लागते. तेही ठीक, पण तो वेगळा शौक. ज्या नियमाने काहीच बदलत नाही, नुसता वेळ जातो, तो नियम दोन दिवसांत मोडतो आणि मोडावाच.

शिवाय नियम टिकायला जगाचा आधार लागतो. 'नकाशावर बोट ठेवून उडी मारायची नाही, चालत जायचं' हा स्कायरिममधला आवडता नियम. ऐकायला छान. मोठ्या शहरांबाहेर घोडागाडी मिळते, तोवर चालतंही. पण काम सांगणारा माणूस 'अमुक गुहेत जा' एवढंच म्हणतो, बाकी सगळं होकायंत्रावरच्या बाणावर सोडलेलं. बाण बंद केला तर गुहा कुठे हे विचारायची सोयच नाही. 2002 च्या 'मॉरोविंड'मध्ये माणसं रस्ता सांगायची, नदी ओलांड, जुन्या दगडी कमानीपासून डावीकडे वळ, आणि ते दैनंदिनीत लिहून ठेवलेलं असायचं. प्रवासाला ठरावीक गावांहून सुटणारे अजस्र किडे आणि होड्या होत्या. तिथे चालत जाणं हा नियम करावाच लागत नव्हता.

म्हणून 'नको वाटतं तर वापरू नका' हे कंपन्यांच्या समर्थकांचं उत्तर मला अर्धवट वाटतं. न वापरणं शक्य आणि मजेचं व्हावं एवढी बांधणी बनवणाऱ्यानेच करायची असते. न्यू वेगसने ती केली होती. त्यातल्या 'हार्डकोर' प्रकारात भूक, तहान, झोप लागते, गोळ्यांना वजन येतं, इंजेक्शनने जखम एकदम भरत नाही, हळूहळू भरते. निवड खेळाडूची, पण त्या निवडीला साजेशी विहीर आणि खाटही जगात ठेवलेली. स्कायरिममध्ये असा अधिकृत 'सर्व्हायव्हल' प्रकार यायला 2017 उजाडलं, तोवर खेळाडूंनीच भूक आणि थंडीचे मॉड लिहून खेळून घेतलं होतं.

आज आपल्याकडची बहुतेक मुलं हे जग मोबाइलवर पाहतात, आणि तिथे एक तिसराच प्रकार दिसतो. 'गेन्शिन इम्पॅक्ट'मध्ये बक्षिसं उचलायला 'रेझिन' लागतं. ते दर आठ मिनिटांनी एक भरतं आणि 200 वर थांबतं, म्हणजे रिकामं भांडं भरायला जवळपास 27 तास. ही मर्यादा ना तोलासाठी, ना हौसेसाठी. खेळाडूने रोज हजेरी लावावी, आणि धीर सुटला की पैसे मोजावेत, यासाठी ती आखली आहे. तिच्याभोवती खेळाडू जे वेळापत्रक बांधतात त्याला मी स्वतःचा नियम म्हणणार नाही. पुढच्या भागात याच खिशाच्या गणिताकडे वळू: पेट्या, नाणी, आणि सोडत काढून मिळणारी पात्रं.