बोटांच्या आधी डोकं धावतं!

परीक्षा संपली की हल्ली अनेक घरांत एक मागणी हमखास पुढे येते, ‘बाबा, नवा मॉनिटर हवा. जुन्यावर समोरचा मला आधी मारतो!’ काउंटर-स्ट्राइक, व्हॅलोरंट यांसारख्या नेमबाजीच्या व्हिडिओ गेममध्ये निकाल सेकंदाच्या अंशावर लागतो, हे अगदी खरं. पण तो अंश वाचतो कुठे? मॉनिटरमध्ये, बोटांत की डोक्यात?

पट्टीचा प्रयोग

घरीच करून पाहा. कुणाला तरी ३० सेंटिमीटरची पट्टी वरच्या टोकाला धरून उभी लोंबती ठेवायला सांगा. खाली शून्याच्या खुणेपाशी, पट्टीला न लावता, अंगठा आणि तर्जनी उघडी ठेवा. त्याने न सांगता पट्टी सोडली की चिमटीत पकडा. १५ सेंटिमीटरवर पकडलीत तर सुमारे ०.१७ सेकंद लागला. २० वर पकडलीत तर ०.२० सेकंद. डोळ्यांनी पाहायचं, मेंदूने ओळखायचं आणि हाताला हुकूम द्यायचा, एवढ्याला बहुतेकांना सेकंदाचा पाचवा ते चौथा हिस्सा लागतोच. सरावाने तो थोडा घटतो, नाहीसा होत नाही.

पर्याय वाढले, वेळ वाढला

डच शास्त्रज्ञ फ्रान्सिस्कस डोंडर्स यांनी १८६८ साली दाखवून दिलं की, खूण एक आणि कृतीही ठरलेली असेल तर माणूस चटकन हलतो; अनेकांतून निवड करायची असली की उशीर होतो. गेममध्ये नेमकं हेच घडतं. शत्रू दारातून येणार की खिडकीतून हे ठाऊक नसेल तर आधी त्याला शोधा, मग नेम तिथवर न्या आणि मग बटण दाबा! कसलेला खेळाडू मात्र त्या कोपऱ्यावर, डोक्याच्या उंचीला, नेम आधीच धरून बसतो. त्याला उरतं फक्त बटण दाबणं.

पण कोपरा कोणता, हे त्याला कळतं कसं? पावलांच्या आवाजावरून. एका जागेहून दुसरीकडे पोहोचायला किती सेकंद लागतात, या पाठ झालेल्या हिशेबावरून. काउंटर-स्ट्राइकमध्ये तर लागोपाठ हरलेल्या संघाकडे चांगली बंदूक घेण्याइतके पैसे उरले असतील का, हाही अंदाज तो मनात बांधत असतो.

बक्षीस फेरारीचं!

१९९७ साली अमेरिकेत ‘क्वेक’ या गेमची मोठी स्पर्धा झाली. ती जिंकली ‘थ्रेश’ या टोपणनावाने खेळणाऱ्या डेनिस फाँगने. बक्षीस होतं गेमचे एक निर्माते जॉन कारमॅक यांची स्वतःची फेरारी मोटार. प्रतिस्पर्धी कुठून येणार हे थ्रेश इतकं अचूक ओळखी, की त्याला अतींद्रिय शक्ती आहे असं लोक गमतीने म्हणत. क्वेकमध्ये उचललेलं शस्त्र किंवा चिलखत ठरावीक सेकंदांनी त्याच जागी पुन्हा उगवतं. ज्याला ते सेकंद मोजता येतात, त्याला प्रतिस्पर्ध्याची पुढची धाव कुठे असेल हेही ताडता येतं.

क्रिकेटवाल्यांना हे नवं वाटू नये. ताशी १४० किलोमीटर वेगाचा चेंडू जेमतेम अर्ध्या सेकंदात फलंदाजापाशी येतो. मायकेल लँड आणि पीटर मॅक्लिऑड यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात फलंदाजांच्या डोळ्यांची हालचाल टिपली होती. चांगल्या फलंदाजाची नजर चेंडूमागे फरफटत नाही. टप्पा पडणार त्या जागी ती आधीच जाऊन थांबते.

अर्थात, अंदाजाला चकवाही देता येतो. एका बाजूला धुराचा गोळा फेकायचा आणि हल्ला दुसरीकडून करायचा, ही युक्ती सगळ्यांनाच ठाऊक असते. म्हणून जाणता खेळाडू एकाच खुणेवर विसंबत नाही.

मग मॉनिटर घ्यावा का?

साधा मॉनिटर सेकंदाला ६० चित्रं दाखवतो, म्हणजे दर ०.०१७ सेकंदाला एक. १४४ चित्रांचा मॉनिटर दर ०.००७ सेकंदाला. फरक सेकंदाच्या शंभराव्या हिस्स्याचा! चित्र अधिक सुबक दिसतं, हेही खरं. पण शत्रूला शोधण्याचा आणि नेम वळवण्याचा वेळ त्याने वाचत नाही. तो वाचवतो योग्य अंदाज.

तेव्हा खरेदीआधी मुलाला त्याचाच हरलेला सामना पुन्हा पाहायला सांगा. मार खाण्यापूर्वीच्या पाच सेकंदांत काय ऐकू आलं, काय दिसलं आणि त्यातलं काय निसटलं, हे त्यालाच शोधू द्या. आणि रात्री वेळेवर झोपायला लावा. जागरणाने प्रतिक्रिया मंदावते, आणि ती गेलेली चपळाई कोणत्याच दुकानात विकत मिळत नाही.