आधी प्लास्टिक, मग रेझिन

लोणंदच्या स्टेशनात आज दिसणारे रूळ रुंद आहेत. पुणे-मिरज मार्ग एकेकाळी मीटरगेज होता, हे नातवंडांना मुद्दाम सांगावे लागते. 2019 पासून इथून फलटणलाही गाडी जाते. अशा गावातल्या पोराला आगगाडी घरी जुळवावीशी वाटली तर नवल नाही. त्यातून पुण्याला कोथरुडात भाऊ जोशींचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय (1998 पासूनचे) पाहून आले, की हट्ट ठरलेलाच. मग प्रश्न येतो, आणायचे काय?

प्लास्टिकच्या संचाचे भाग पोलादी साच्यात तयार होतात. साचा भलता महाग, म्हणून नग हजारोंनी खपावे लागतात. रेझिनचे काम गणपतीच्या कारखान्यासारखे: नमुन्यावरून रबरी साचा, त्यात ओतकाम. साचा लवकर झिजतो, पण स्वस्त पडतो. त्यामुळे ज्याला गिऱ्हाईक थोडे, असे आपले जुने मीटरगेज इंजिन मिळालेच तर बहुधा रेझिनमध्ये. मोह पडतो तो इथेच.

नवख्याने तो आवरावा. प्लास्टिकचा द्राव दोन्ही कडा किंचित विरघळवून त्या एकजीव करतो. सुकेपर्यंत भाग सरकवता येतो. रेझिनवर तो चालत नाही. तिथे फेव्हिक्विकच्या जातीचा गोंद लागतो, आणि चुकलेला भाग तो सुधारू देत नाही. भाग आधी साबणाच्या पाण्याने धुवावे लागतात, नाहीतर साच्याचा तेलकटपणा राहून रंग सुटतो.

खरी काळजी धुळीची. रेझिन घासताना उडणारी बारीक पूड फुप्फुसात जाता कामा नये. पॉलिशपेपर ओला हवा, तोंडाला चांगला मास्क हवा, आणि स्वयंपाकाचा ओटा तर नकोच. दहा वर्षांच्या मुलाच्या हाती मी हे देणार नाही, मग आत्याने परदेशातून कितीही प्रेमाने पाठवलेले असो.

एक हिशेब मात्र मुलाकडून करून घ्यावा (बँकेतली खोड, दुसरे काय). आपले रूळ 1676 मिलिमीटर रुंद. 1:87 या मापात ते 19 मिलिमीटरांहून थोडे जास्त भरतात. बाजारात मिळतात ते 16.5 चे, कारण ते विलायतेतल्या 1435 वरून घेतलेले. आपली गाडी त्यावर उभी केली, तर अंगाच्या मानाने पाय जवळ येतात.

सुरुवातीला 1:72 चे साधे, थोड्या तुकड्यांचे प्लास्टिकचे विमान घ्यावे. भाग चौकटीवरून पिळून तोडू नयेत. घरातले नेलकटर चालते.