घसा, रक्त आणि यंत्राची शिकवणी

अंबरनाथ-बदलापूरचे नमुने घेऊन पोरगा येतो तेव्हा उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या या लॅबमधली सकाळची गर्दी ओसरलेली असते. जांभळ्या टोपीच्या ट्यूब स्टँडला लागतात. एका चिठ्ठीवर 'ताप, टॉन्सिल सुजलेत', वय 9, तपासण्या सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी, आणि सीआरपी म्हणजे शरीरातल्या दाहाची खूण.

सेल काउंटर मिनिटभरात आकडे देतो. बारीक छिद्रातून जाताना पेशी विजेचा प्रवाह क्षणभर अडवते, त्यावरून तिचा आकार कळतो. वॉलेस कोल्टरची ही युक्ती, पेटंट 1953 चं. पांढऱ्या पेशी 16 हजार, त्यांत पॉली म्हणजे न्यूट्रोफिल 82 टक्के, सीआरपीही चढलेला. जिवाणूंचा संसर्ग असावा, असं कुणीही म्हणेल.

पण टेक्निशियन ताई स्लाइड केल्याशिवाय रिपोर्ट सोडत नाहीत. काचेच्या एका टोकाला थेंब, दुसरी काच तिरकी टेकवायची आणि एका दमात पुढे सरकवायची. लीशमनचा रंग, बफर, मग नळाखाली धुणं. "अगदी टोकाला नका बघू दादा, पेशी सुट्या झाल्यात ना, तिथं बघा." दुसरी स्लाइड बदलापूरच्या एका कॉलेजकुमाराची. तीत लिम्फोसाइट मोठाले, निळसर, शेजारच्या तांबड्या पेशींना कडेनं बिलगलेले. एपस्टीन-बार विषाणूचा ग्लँड्युलर फीवर असू शकतो. यात टॉन्सिलवर जिवाणूंच्या संसर्गासारखाच पांढरा थर दिसतो, पण अमॉक्सिसिलिन दिलं तर अंगभर पुरळ उठू शकतं.

हा फरक आकड्यांवरून करता येतो का? 2007 च्या एका अभ्यासात एकूण पांढऱ्या पेशींत लिम्फोसाइट 35 टक्क्यांवर गेले तर ग्लँड्युलर फीवरकडे बोट दाखवलं होतं. मशीन लर्निंग असा एकच उंबरठा धरत नाही. वय, प्लेटलेट, पॉली, सीआरपी असं सगळं एकत्र तोलून शक्यता सांगतं. लहान मुलांत लिम्फोसाइट एरवीही जास्त असतात, हेही त्याला शिकवता येतं. स्लाइडचे फोटो काढून पेशी ओळखणारी यंत्रं बेंगळुरूच्या सिगटपलनं आपल्याकडेच बनवली आहेत.

मला काळजी वाटते ती शिकवणीची. शिकवायला हजारो पेशंटचे आकडे लागतात आणि प्रत्येकापुढे खरं उत्तर लागतं. रक्त शरीराची प्रतिक्रिया सांगतं, जंतूचं नाव सांगत नाही. एएसओ ही स्ट्रेप्टोकोकसविरुद्धच्या प्रतिपिंडांची तपासणीसुद्धा होऊन गेलेल्या संसर्गाची खूण. ग्रुप ए स्ट्रेप्टोकोकस ओळखायचा तर घशाचा स्वॅब ब्लड अगारवर लावून निदान एक रात्र थांबावं लागतं. मग वसाहतीभोवती रक्त विरघळलेलं स्वच्छ कडं दिसतं. हा जंतू सुटला तर एखाद्या मुलाला संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडू शकतात, म्हणून एवढा आग्रह.

ताईंनी त्या नऊ वर्षांच्या मुलाच्या आईला फोन लावला. "स्वॅब घ्यायचा का, डॉक्टरांना विचारून घ्या." पलीकडून उत्तर आलं, अँटिबायोटिक कालपासूनच चालू आहे. आता कल्चरमध्ये काही उगवलं नाही तरी जंतू नव्हताच असं म्हणता येणार नाही, आणि यंत्राला शिकवायला या मुलाचे आकडे निरुपयोगी. उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात आणि अंबरनाथच्या छाया रुग्णालयात घसा धरून येणाऱ्या मुलांचे स्वॅब पहिल्या डोसच्या आधी, रक्ताबरोबरच घेतले जावेत, असं मला मनापासून वाटतं. बाहेरून शिकून आलेलं यंत्रही आधी या नमुन्यांवर तपासून घ्यायला हवं, आणि तेही ऐन पावसाळ्यात, डेंग्यूनं इथल्या पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट खाली आणलेल्या असतात तेव्हा.