नैरोबीला जाताना

मसाई लोकांच्या भाषेत ‘एंकारे नैरोबी’ म्हणजे थंड पाणी. त्या पाण्याकाठी १८९९ साली युगांडा रेल्वेचा तळ पडला आणि भारतातून नेलेल्या हजारो मजुरांच्या श्रमांनी घडलेल्या लोहमार्गाच्या कडेला केनियाची आजची राजधानी वसली. विषुववृत्त तेथून दीडशे किलोमीटरांच्याही आत आहे. त्यामुळे पुष्कळ भारतीय प्रवासी केवळ सुती कपडे घेऊन निघतात आणि जुलैतील सकाळी विमानातून उतरताच कुडकुडू लागतात. नैरोबीची उंची सुमारे १,७०० मीटर, म्हणजे महाबळेश्वराहूनही तीनशे मीटर अधिक. तेव्हा औषधांच्या आधी पेटीत स्वेटर पडावा हे उत्तम. दुपारचे ऊन मात्र फसवे असते. हवा गार म्हणून ते जाणवत नाही, आणि संध्याकाळी कातडी भाजल्याचे ध्यानात येते.

प्रवासाची खरी तयारी मुंबईत किंवा दिल्लीतच करावी लागते. केनिया हा पीतज्वराचा प्रदेश गणला जातो. या रोगाची लस घेतल्याचा दाखला नसेल, तर अडवणूक होते ती नैरोबीस पोचल्यावर नव्हे, मायदेशी परतताना. प्रवाशाला सहा दिवसांपर्यंत विलग ठेवण्यात येते. अनेकांना हा जाच वाटतो. पण त्यामागील कारण विचार करण्याजोगे आहे. पीतज्वर पसरविणारा एडिस डास भारतात घरोघरी आहे, डेंग्यू तोच पसरवतो. भारतात नाही तो केवळ पीतज्वराचा विषाणू. बोटींच्या काळी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून मुंबईस येण्यास आठवडा उलटून जाई. रोगाची बाधा झालेला मनुष्य वाटेतच आजारी पडे. आज विमान सहा तासांत येते, आणि रोग प्रकट होण्यास तीन ते सहा दिवस लागतात. उतरणारा प्रवासी धडधाकट दिसत असताही विषाणू वाहून आणू शकतो. एकट्या नैरोबी शहरात या रोगाचा धोका अल्प आहे. तथापि नियम शहरापुरती सवलत देत नाही. लस शासनमान्य केंद्रातच घ्यावी लागते व दाखला दहा दिवसांनंतर वैध ठरतो. २०१६ पासून तो जन्मभर चालतो. तान्ही मुले, अंड्याचे तीव्र वावडे असणारे, प्रतिकारशक्ती क्षीण झालेले आणि साठी ओलांडलेले यांनी आधी वैद्यांचा सल्ला घेतला पाहिजे.

हिवतापाची गोष्ट निराळी. नैरोबीच्या थंडाव्यात डासाच्या शरीरात हिवतापाच्या जंतूची वाढ नीट होत नाही, म्हणून शहरात धोका थोडा. परंतु नैरोबीला जाणारा मनुष्य नैरोबीतच क्वचित राहतो. कोणी सिंह पाहण्यास मसाई माराला जातो, कोणी मोंबासाच्या समुद्रावर, कोणी व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या किसुमूला. तेथे फॅल्सिपॅरम जातीचा, म्हणजे सर्वांत घातक हिवताप आढळतो. जुन्या पिढीच्या भरवशाचे क्लोरोक्विन तेथे निकामी ठरले आहे. प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांकडून लिहून घ्याव्यात, निघण्यापूर्वी सुरू कराव्यात, आणि परतल्यावरही सांगितलेले दिवस संपेपर्यंत सोडू नयेत. मच्छरदाणी आणि पूर्ण बाह्यांचे कपडे यांना तरीही पर्याय नाही.

पाण्याविषयी फारसे सांगावयास नको. उकळलेले अथवा सीलबंद बाटलीतील प्यावे, बर्फ टाळावा. भारतीय मनुष्य हे घरीही जाणतो, परदेशी गेल्यावर मात्र विसरतो.

रस्त्यावरील धोका बहुधा साधा असतो: हातातील फोन हिसकावला जाणे. मध्यवस्तीत वाहनाच्या उघड्या खिडकीपाशी फोन धरू नये, अंधार पडल्यावर पायी हिंडू नये, आणि चोराशी झोंबू नये. ‘मटाटू’ नावाच्या छोट्या बसगाड्या स्वस्त व गमतीच्या असल्या तरी नवख्याने सामानासह त्यांत चढू नये. भाड्याच्या मोटारसायकलीवर शिरस्त्राणाशिवाय बसणे हे तर रोगांहूनही जोखमीचे. मोठ्या दुकानांच्या दारांशी झडती होते. १९९८ चा अमेरिकी वकिलातीवरील आणि २०१३ चा वेस्टगेट बाजारसंकुलावरील हल्ला शहर विसरलेले नाही. झडतीस मुकाट्याने सामोरे जावे, सरकारी इमारतींची छायाचित्रे घेऊ नयेत, मोर्चापासून दूर राहावे. संकटकाळी ९९९ किंवा ११२ हा क्रमांक फिरवावा. खासगी रुग्णालयांत चांगले उपचार मिळतात, पण खर्च भारी असतो, प्रवासविमा त्यासाठीच.

पेटी रिकामी करून झाली तरी प्रवास संपत नाही. हिवतापाचा जंतू यकृतात निदान आठवडाभर दबा धरतो, आणि ताप कधी महिन्याने, कधी त्याहून उशिरा येतो. परतल्यावर ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे व पूर्व आफ्रिकेतून आल्याचे डॉक्टरांना आपण होऊन सांगावे. ते न सांगितल्यास साध्या फ्लूचे औषध मिळते, आणि तेवढ्या दोन-तीन दिवसांत फॅल्सिपॅरम मेंदूपर्यंत पोचतो. पहिली चाचणी निर्दोष निघूनही ताप न उतरल्यास ती पुन्हा करावी लागते.