बाटलीभर समुद्रात माशांची हजेरी

जपानच्या क्योतो प्रांतात, जपानी समुद्राच्या काठी, मैझुरूचं आखात आहे. जून 2014 मध्ये संशोधकांनी तिथे 47 ठिकाणी होडी थांबवून पृष्ठभागाजवळचं आणि तळाजवळचं पाणी बाटल्यांत भरलं. जाळं टाकलं नाही, बुडी मारली नाही. तरीही त्या पाण्यातल्या डीएनएवरून 128 प्रकारच्या माशांची नोंद झाली. त्याच आखातात पाणबुडे 14 वर्षं डोळ्यांनी मासे टिपत होते. त्यांना दिसलेल्यांपैकी 40 प्रजाती या यादीत सापडल्या. शिवाय त्यांना कधीच न दिसलेल्या, पण तिथल्याच असलेल्या किमान 23 प्रजातीही मिळाल्या.

एवढी माहिती देणारं पाणी नेमकं कसं घेतात आणि कसं गाळतात, ते पाहू.

डीएनए पाण्यात येतो कुठून?

मासा पोहतो तिथे स्वतःचे अंश सोडत जातो. खवले, अंगावरचा बुळबुळीत थर, विष्ठा, अंडी या सगळ्यांतून त्याच्या पेशी पाण्यात मिसळतात. या पेशींतून पाण्यात आलेल्या डीएनएला पर्यावरणीय डीएनए किंवा ई-डीएनए म्हणतात. ऊन, उष्णता आणि जीवाणू त्याचे तुकडे करतात, आणि समुद्रात काही दिवसांतच तो सापडेनासा होतो. म्हणून पाण्याचा नमुना सांगतो ती ताजी हकिकत असते. डेन्मार्कच्या किनाऱ्यावर अर्ध्या-अर्ध्या लिटरच्या अवघ्या तीन नमुन्यांतून 15 प्रकारचे मासे ओळखल्याचं संशोधन 2012 मध्ये प्रसिद्ध झालं.

पाणी घेताना

बाटल्या आधी ब्लीचच्या पाण्याने धुतात आणि मग स्वच्छ पाण्याने भरपूर खळबळतात, कारण ब्लीच जुना डीएनए नष्ट करतं. प्रत्येक ठिकाणी हातमोजे नवे घालायचे. पाण्यात उभं राहून नमुना घ्यायचा तर तोंड प्रवाहाकडे करायचं, म्हणजे आपल्या पायांनी ढवळलेली वाळू बाटलीत येत नाही. मासेमारीची होडी वापरत असाल तर बाटली फळीवर ठेवू नका; कालच्या बांगड्याचा एक खवलाही आजचा नमुना बिघडवू शकतो. जागा, वेळ, भरती की ओहोटी, पाण्याचं तापमान आणि खारेपणा हे तिथल्या तिथे लिहून ठेवायचं. ही नोंद नसेल, तर प्रवाहाने डीएनए कुठून आणला असेल याचा अंदाज नंतर बांधता येत नाही.

गाळण्याची घाई

बाटलीत बंद झालं तरी पाण्यातले जीवाणू काम थांबवत नाहीत. म्हणून बाटली लगेच बर्फात ठेवतात आणि शक्यतो त्याच दिवशी पाणी गाळतात. जपानी पद्धतीत डीएनए टिकावा म्हणून पाण्यात बेंझाल्कोनियम क्लोराइड हे जंतुनाशकही घालतात.

गाळण्यासाठी काचेच्या तंतूंचा पांढराशुभ्र, चकतीसारखा फिल्टर वापरतात. त्याची छिद्रं साधारण 0.7 मायक्रॉनची असतात. पंप सुरू झाला की पाणी आधी सरसर उतरतं. मग चकती पिवळसर, कधी हिरवट होत जाते आणि धार थेंबांवर येते. खाडीच्या गढूळ पाण्यात तर लिटरभर पाणी जाण्याआधीच फिल्टर तुंबतो. अशा वेळी जोर लावायचा नाही. जेवढं पाणी गेलं तेवढा आकडा लिहायचा. मग चिमट्याने चकती अर्धी दुमडायची, गाळ आतल्या बाजूला ठेवायचा, फॉइलमध्ये गुंडाळून उणे 20 अंशांवर ठेवायची. पंप नसेल तर बंद नळीतला फिल्टर आणि 50 मिलीची सिरिंज पुरते. एका लिटरसाठी वीस वेळा दाबावं लागतं, तळहात भरून येतो, पण काम होडीवरच उरकतं.

कोऱ्या बाटलीची साक्ष

माझ्या मते सगळ्यात मोलाची बाटली ती, जिच्यात समुद्राचं पाणीच नसतं. शुद्ध पाणी भरलेली ही बाटली सोबत न्यायची, त्याच ठिकाणी उघडायची, तशीच गाळायची. तिच्यात सुरमईचा डीएनए निघाला, तर तो समुद्रातून नव्हे, आपल्या हातातून आला.

कोरी बाटली सगळंच पकडत नाही; समुद्राच्या पाण्यातच बाहेरून मिसळलेला डीएनए तिला कळत नाही. मैझुरूच्या काठावर मासळीचा घाऊक बाजार आहे. जॅक मॅकरेल या माशाचा डीएनए त्या बाजाराजवळच्या पाण्यात खूप सापडला. बाजाराजवळची ठिकाणं वगळल्यावर मात्र डीएनएचं प्रमाण ध्वनिलहरींनी मोजलेल्या माशांशी बऱ्यापैकी जुळलं. आपल्याकडे ससून डॉक किंवा मिरकरवाड्याजवळ नमुना घेणाऱ्याने हे पक्कं लक्षात ठेवावं.

प्रयोगशाळेत काय होतं?

कोविडकाळात घराघरांत माहीत झालेल्या पीसीआरनेच या डीएनएच्या असंख्य प्रती काढतात. माशांसाठी जपानचे मासाकी मिया आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये मांडलेली मायफिश ही पद्धत जगभर वापरली जाते. ती जनुकाचा सुमारे 170 अक्षरांचा तुकडा वाचते आणि नोंदसंग्रहाशी ताडून पाहते. ज्या माशाची नोंद संग्रहात नाही, त्याचं नाव कळत नाही. मासा केवढा, नर की मादी, जिवंत की मेलेला, हेही कळत नाही. म्हणून जाळं आणि अनुभवी कोळ्याची नजर यांची जागा ही बाटली घेत नाही. ती त्यांना जोड देते.

आपल्या किनाऱ्यासाठी

युनेस्कोच्या ई-डीएनए मोहिमेत 21 सागरी वारसास्थळांचं पाणी स्थानिक लोकांनी, शाळकरी मुलांनीही, गोळा केलं. हे काम कोकणातल्या महाविद्यालयांनाही जमण्यासारखं आहे. 1 जून ते 31 जुलै या मासेमारीबंदीच्या काळात जाळी वाळत असतात, पण धक्क्यावरून बाटलीभर पाणी घ्यायला कुणाची आडकाठी नसावी. पावसाळ्यात पाणी गढूळ असेल, गाळणं संथ होईल. तरी दर महिन्याला त्याच जागेवरून, त्याच पद्धतीने नमुना घ्या. आणि निघताना पिशवीत शुद्ध पाण्याची ती कोरी बाटली आहे ना, एवढं आठवणीने पाहा.