प्रायश्चित्ताच्या सुटीचे मोल

जर्मन भाषेत समासांना तोटा नाही. परंतु 'बूस उंट बेटटाग' या सुटीच्या नावाइतका व्यवहाराला जाऊन भिडणारा समास विरळाच. 'बेटन' म्हणजे प्रार्थना करणे, 'टाग' म्हणजे दिवस, आणि हा 'टाग' दोन्ही पदांना सामाईक. खरे कुतूहल 'बूस' या पदाचे. त्याचा धार्मिक अर्थ पश्चात्ताप, प्रायश्चित्त. मात्र 'अधिक चांगले' या अर्थाच्या 'बेसर' शब्दाशी त्याचे मुळात नाते असून सुधारणा, उपाय हा त्याचा जुना अर्थ होय. पुढे जुन्या कायद्यात नुकसानभरपाईलाही हाच शब्द लागला. वाहतुकीचा नियम मोडणारा जर्मन नागरिक आजही 'बूसगेल्ट'च भरतो.

तुर्कांच्या स्वारीचे भय असताना १५३२ साली स्ट्रासबुर्ग येथे प्रॉटेस्टंटांनी असा दिवस पाळला. निरनिराळ्या राज्यांत निरनिराळ्या तिथींना होणारे हे व्रत प्रशियाने १८९३ मध्ये नोव्हेंबरातील एका बुधवारी स्थिर केले.

शब्दातील भरपाईचा अर्थ १९९५ साली अनपेक्षितपणे जागा झाला. वृद्ध व परावलंबी माणसांच्या शुश्रूषेसाठी त्या वर्षी सक्तीची विमायोजना आली. हप्त्याचा निम्मा भार मालकांवर पडणार. तो भरून निघावा म्हणून कामगारांची एक पगारी सुटी रद्द करावयाची, असे ठरले आणि बळी गेला तो प्रायश्चित्ताचा बुधवार. निम्मा भार मालकांचा म्हणावयाचा आणि तोही श्रमिकाच्याच दिवसातून वळता करावयाचा, या हिशेबाला वाटणी म्हणणे कठीण आहे.

सॅक्सनी या एकाच राज्याने सुटी राखली. पूर्व जर्मनीच्या साम्यवादी राजवटीने १९६० च्या दशकात ती काढून घेतली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या हट्टाचा उलगडा होतो. मोबदला म्हणून तेथील कामगार इतरांपेक्षा वेतनाचा अर्धा टक्का अधिक हप्ता भरतो. वर्षातील कामाचे दिवस सुमारे २५० धरले, तर एक दिवस म्हणजे ०.४ टक्के, तेव्हा सुटी थोडी महागच पडली म्हणावयाची. श्लेस्विग-होल्श्टाइनमध्ये १९९७ साली ती परत मिळविण्यासाठी सार्वमत झाले. कौल अनुकूल होता, पण आवश्यक तितकी मते पडली नाहीत.

बव्हेरियात त्या बुधवारी शाळा बंद असतात आणि कचेऱ्या, कारखाने चालू. मुलांना कोणाजवळ ठेवावे, हा प्रश्न तेथील आईबापांपुढे दर नोव्हेंबरात उभा राहतो.